शेजारच्या मांडवातलं मत

(रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

परक्या देशातली निवडणूक पाहणं म्हणजे शेजारच्या घरचं लग्न पाहण्यासारखं असतं. मांडव दिसतो, वाजंत्री ऐकू येते, रुसवेफुगवे कानावर पडतात. पण देण्याघेण्याच्या बैठकीत आपल्याला कुणी बसवत नाही. माझ्या बाबतीत मात्र वेगळं घडलं. शेजाऱ्यांनी अक्षता हातात देऊन मला थेट बोहल्यापाशीच उभं केलं. १ मे १९९७ रोजी, म्हणजे आपल्याकडे महाराष्ट्र दिन साजरा होत होता त्या दिवशी, मी लंडनमध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या निवडणुकीत मतदान केलं. ब्रिटनचं नागरिकत्व माझ्याकडे नव्हतं. पर्समध्ये होता तो भारताचा निळा पासपोर्ट.

हे सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, बाईंनी काहीतरी घोटाळा केलेला दिसतोय. तसं काही नाही. ब्रिटनमध्ये रीतसर राहणाऱ्या, राष्ट्रकुलातल्या म्हणजे कॉमनवेल्थमधल्या कुठल्याही देशाच्या नागरिकाला तिथल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत देता येतं. तेव्हाही येत होतं, आजही येतं. त्याचं मूळ साम्राज्यात आहे. पूर्वी मुंबईचा कारकून काय आणि मँचेस्टरचा गिरणीकामगार काय, दोघेही कागदोपत्री राणीचे नाहीतर राजाचे प्रजाजन. पुढे साम्राज्य गेलं. १९४९ मध्ये लंडनला जाहीरनामा झाला आणि प्रजासत्ताक होऊनही भारत राष्ट्रकुलात राहील असं ठरलं. ब्रिटिश कायद्यानं मग आपल्याला ‘परकीय’ म्हटलंच नाही. त्यामुळे फ्रान्सहून येऊन वीस वर्षं राहिलेला माणूस तिथे पार्लमेंटसाठी मत देऊ शकत नाही आणि नागपूरहून वर्षभरापूर्वी आलेला देऊ शकतो. उलट दिशेनं मात्र असं काही नाही. आपल्या घटनेचं ३२६ वं कलम मताचा अधिकार फक्त भारताच्या नागरिकाला देतं. पुण्यात राहणाऱ्या इंग्रजाला इथे मत नाही.

तिथल्या मतपेटीशी आपलं नातं तसं जुनंच आहे. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून निवडून आले ते अवघ्या पाच मतांनी. नौरोजी हे नाव इंग्रजांच्या जिभेवर बसेना, तेव्हा त्यांचं ‘नॅरो मेजॉरिटी’ असं बारसं झालं. त्यांच्या आधीच्या एका पराभवानंतर खुद्द पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांनी ‘काळा माणूस’ म्हणून त्यांचा उल्लेख केला होता आणि त्यावर बरंच वादळ उठलं होतं. दादाभाईंच्या मागून मंचेरजी भावनगरी गेले ते हुजूर पक्षाकडून आणि शापुरजी सकलातवाला गेले ते आधी मजूर पक्षाकडून, मग चक्क कम्युनिस्ट म्हणून. मुंबईचे तीन पारशी आणि तिघांचे पक्ष तीन!

आता यादीत नाव कसं लागलं ते सांगते. त्या काळी दर वर्षी ऑक्टोबरच्या सुमाराला नगरपालिकेचा एक फॉर्म प्रत्येक घरी टपालानं येई. १० ऑक्टोबरला या घरात कोण कोण राहतं ते लिहा, एवढंच विचारलेलं. आम्ही तेव्हा लंडनच्या वायव्य भागात, हॅरोला भाड्यानं राहत होतो. हॅरो म्हणजे जिथल्या टेकडीवरच्या शाळेत चर्चिल शिकले आणि नंतर जवाहरलाल नेहरूही शिकले, तेच. मी फॉर्म भरला आणि पाठवून दिला. माझ्या नवऱ्यानं मात्र आपलं नाव घालायला नकार दिला. त्याचं म्हणणं, ‘‘आपण इथे चार वर्षांचे पाहुणे. खाल्ल्या घरचे वासे कशाला मोजायचे?’’ मला ते पटलं नाही. त्या घराचं भाडं आम्ही भरत होतो, दर महिन्याला पगारातून कर कापला जात होता, आमची मुलगी तिथल्या सरकारी शाळेत जात होती. वासे मोजू नयेत हे खरं. पण छप्पर गळत असेल तर तसं सांगायला काय हरकत आहे?

आणखीही एक कारण होतं. १९९६ च्या मे महिन्यात आपल्याकडे लोकसभेची निवडणूक झाली, तेव्हा पुण्याच्या यादीतून माझं नाव गेलेलं होतं. ते नियमानुसारच होतं. जो त्या पत्त्यावर सर्वसाधारणपणे राहत नाही, त्याचं नाव त्या यादीत राहत नाही. परदेशी नोकरीला गेलेल्या माणसाला मतच नसायचं. तेरा दिवसांचं वाजपेयी सरकार, मग देवेगौडा, मग १९९७ च्या एप्रिलमध्ये गुजराल, हे सगळं मी तिकडे वर्तमानपत्रात वाचत होते. ज्या देशाची काळजी रात्री झोप उडवत होती तिथे मला मत नव्हतं आणि जिथे अजून बसचे नंबर नीट पाठ झाले नव्हते तिथे होतं.

वडिलांना पत्रानं हे कळवलं. बेचाळीसच्या चळवळीत शाळकरी वयात प्रभातफेऱ्यांमध्ये फिरून त्यांनी पोलिसांच्या छड्या खाल्ल्या होत्या. त्यांचं उत्तर आलं, ‘‘ज्यांना आम्ही चले जाव म्हणालो त्यांचं सरकार आता तू ठरवणार. तर नीट विचार करून ठरव. आणि बोटाला शाई लावतात का ते कळव.’’

निवडणूक जाहीर झाली १७ मार्चला. सहा आठवड्यांचा प्रचार, म्हणजे तिथल्या मानानं फारच लांबलेला. मार्गारेट थॅचर १९७९ मध्ये आल्या तेव्हापासून सलग अठरा वर्षं हुजूर पक्षाचं राज्य होतं. पंतप्रधान जॉन मेजर, समोर मजूर पक्षाचे टोनी ब्लेअर, वय त्रेचाळीस. मी मात्र आपल्या सवयीनं प्रचाराची वाट पाहत बसले. लाउडस्पीकर नाही, कमानी नाहीत, जीपगाड्या नाहीत, भिंतीवर एक अक्षर नाही. टीव्हीवर पैसे देऊन जाहिरात करायला तिथे बंदीच आहे. पक्षांना काही मिनिटं फुकट मिळतात तेवढीच. मला वाटलं, ही निवडणूक आहे की कुणाचं सुतक?

मग दारावरची घंटा वाजायला लागली. प्रचार होतो तो तिथे, उंबऱ्यावर. कोटाला पक्षाच्या रंगाचं रिबिनीचं फूल लावलेली दोन माणसं हातात यादी घेऊन उभी असतात. आपण कुणाला मत देणार, असं सरळ विचारतात आणि उत्तर यादीत टिपून घेतात. वाद घालत नाहीत. त्यांना तुमचं मन वळवायचं नसतंच मुळी. आपला माणूस कोण आहे हे कळलं, की मतदानाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो बाहेर पडला नाही तर त्याला आणायला जाता येतं. आपल्याकडे बूथवर स्लिपा वाटणारे कार्यकर्ते हेच करतात. फक्त इकडे त्यात चहा आणि वडापावही असतो.

मजूर पक्षाच्या माणसांनी माझ्या हातात एक छोटं कार्ड दिलं, क्रेडिट कार्डाएवढं. त्यावर पाच वचनं छापलेली. पाच ते सात वर्षांच्या मुलांच्या वर्गात तीसहून जास्त मुलं नसतील, इस्पितळातल्या प्रतीक्षायाद्या कमी करू, अडीच लाख तरुणांना बेकारभत्त्यावरून कामाला लावू, अल्पवयीन गुन्हेगारांचे खटले लवकर निकालात काढू आणि प्राप्तिकराचे दर वाढवणार नाही. ‘हे कार्ड जपून ठेवा आणि आम्ही काय केलं ते ताडून पाहा’ असा एकूण रोख. जाहीरनामे पुस्तकाएवढे जाडजूड असतात ते कुणी वाचू नयेत म्हणूनच, अशी माझी समजूत त्या दिवशी पक्की झाली.

आमच्या कोपऱ्यावर एका गुजराती गृहस्थांचं दुकान होतं. मूळचे कंपालाचे. १९७२ मध्ये इदी अमीननं युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं, तेव्हा एक सूटकेस घेऊन आलेले. मला वाटलं, हे मजूर पक्षाचेच असणार. स्थलांतरितांचा पक्ष तोच मानला जाई. तर ते म्हणाले, ‘‘नाही बेन. आम्हाला आत घेतलं ते एडवर्ड हीथच्या सरकारनं, आणि तो हुजूर पक्षाचा. आमच्या घरात दुसऱ्या कुणाला मत जात नाही.’’ पंचवीस वर्षांपूर्वीच्या उपकाराची ती परतफेड होती. त्यांचा मुलगा मात्र गल्ल्यामागे उभा राहून माझ्याकडे बघून हसत होता. त्यानं कुणाला मत दिलं असेल हे मला तेव्हाच कळलं.

त्याच सुमाराला टपालानं एक व्हिडिओ कॅसेट आली. सर जेम्स गोल्डस्मिथ नावाच्या अब्जाधीशानं ‘रेफरेंडम पार्टी’ काढली होती. मागणी एकच, युरोपबरोबरच्या संबंधांवर सार्वमत घ्या. त्यांनी अशा पन्नास लाखांच्या आसपास कॅसेट घरोघर पाठवल्या. आम्ही ती कौतुकानं बघितली आणि नंतर तिच्यावर इकडून आलेलं एक मराठी नाटक उतरवून घेतलं. त्या पक्षाला आठ लाखांवर मतं पडली, जागा एकही मिळाली नाही, आणि निवडणुकीनंतर दोन-अडीच महिन्यांतच गोल्डस्मिथ वारले. तो विषय मात्र संपला नाही. त्याकडे मी येणारच आहे.

मतदान गुरुवारी. सुट्टी नाही. सकाळी सात ते रात्री दहापर्यंत केंद्र उघडं, तेव्हा कामावर जाता-येता मत द्यायचं. आमचं केंद्र मुलीच्याच शाळेत होतं. छान ऊन पडलं होतं. फाटकाशी दोन-तीन पक्षांची माणसं खुर्च्या टाकून शेजारी शेजारी बसलेली, बिस्किटांचा पुडा एकच. ना पोलिसांची फौज, ना शंभर मीटरवर चुन्याची रेघ. एका आजोबांचा कुत्रा कठड्याला बांधलेला होता. आत गेले. टेबलापाशी बसलेल्या बाईंनी नाव विचारलं, पत्ता विचारला, यादीत रेघ मारली आणि मतपत्रिका हातात दिली. ओळखपत्र? नाही. सही? नाही. अंगठा? नाही. मी आपली उभीच. बाई म्हणाल्या, ‘‘झालं की, जा तिकडे.’’ आडोशाला गेले तर तिथे दोरीनं बांधलेली शिसपेन्सिल. शिक्का नाही, पेनही नाही. पेन्सिलनं फुली मारायची. आणि शाई? वडिलांना दुसऱ्या दिवशी लिहिलं, शाई लावत नाहीत, शब्दावर विश्वास ठेवतात.

पुढे तोही विश्वास आटला. मे २०२३ पासून इंग्लंडमध्ये फोटो असलेलं ओळखपत्र दाखवल्याशिवाय मत देता येत नाही. खोट्या मतदानाच्या सिद्ध झालेल्या तक्रारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असताना हे कशाला, म्हणून तिथे पुष्कळ वाद झाला.

आणखी एक गोष्ट. त्या वेळी मतपत्रिकेवर पक्षाचं चिन्ह नसायचं. उमेदवाराचं नाव, पत्ता आणि स्वतःचं वर्णन करायला सहा शब्द. ते वर्णन कुणीही काहीही करावं. १९९४ च्या युरोपीय निवडणुकीत रिचर्ड हगेट नावाच्या गृहस्थांनी स्वतःला ‘लिबरल डेमोक्रॅट’ नव्हे, तर ‘लिटरल डेमोक्रॅट’ म्हणवून घेतलं आणि दहा हजारांवर मतं मिळवली. खरा लिबरल डेमोक्रॅट उमेदवार सातशेच्या आसपास मतांनी पडला. नामसाधर्म्याचे उमेदवार उभे करणं ही आपल्याच जिल्हा परिषदांची खासियत आहे, असं मी समजत होते! अखेर १९९८ मध्ये पक्षांची नोंदणी करणारा कायदा झाला आणि मतपत्रिकेवर बोधचिन्हं आली. निरक्षरांसाठी म्हणून आपण १९५२ पासून वापरत असलेली बैलजोडी नि झोपडी किती शहाणपणाची होती, हे साक्षर इंग्लंडला शेहेचाळीस वर्षांनी पटलं म्हणायचं.

रात्री दहाचे ठोके पडले आणि बीबीसीनं अंदाज सांगितला, मजूर पक्षाला प्रचंड बहुमत. १९९२ मध्ये अंदाज सपशेल चुकले होते, म्हणून कुणी लगेच विश्वास ठेवेना. दहा वाजून शेहेचाळीस मिनिटांनी संडरलँड साउथचा पहिला निकाल आला. मतदान संपून पाऊण तास, आणि सगळी मोजणी हातानं! आपल्याकडे तेव्हा मोजणीला दोन दोन दिवस लागत. माझा नवरा, ज्याला वासे मोजायचे नव्हते, तो रात्रभर कागद-पेन्सिल घेऊन जागा मोजत बसला होता.

मला सर्वांत आवडला तो निकाल जाहीर करण्याचा प्रकार. नगरपालिकेचं सभागृह नाहीतर एखादी व्यायामशाळा असते. व्यासपीठावर सगळे उमेदवार एका रांगेत उभे राहतात. निवडणूक अधिकारी आडनावांच्या क्रमानं प्रत्येकाची मतं वाचतो. मंत्री असो की चाळीस मतं पडलेला हौशी असो, उभं राहायची जागा तीच. त्यात विचित्र टोप्या घातलेले, ‘मॉन्स्टर रेव्हिंग लूनी’ नावाच्या पक्षाचे लोकही असतात. २०२४ मध्ये ऋषी सुनक यांचा निकाल लागला तेव्हा पंतप्रधानांच्या व्यासपीठावर डोक्याला कचऱ्याचा डबा घातलेला काउंट बिनफेस नावाचा उमेदवार उभा होता. कुणी त्याला खाली उतरवलं नाही. तोही अनामत भरून आला होता ना!

त्या रात्री तीनच्या सुमाराला एन्फील्ड साउथगेटचा निकाल आला. संरक्षणमंत्री मायकेल पोर्टिलो. हुजूर पक्षाचे उद्याचे नेते म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवलं जाई ते. मागच्या वेळचं त्यांचं मताधिक्य पंधरा हजारांवर. शेजारी उभा तिशीचा एक तरुण, स्टीफन ट्विग. आकडे वाचले गेले, पोर्टिलो चौदाशेच्या वर मतांनी पडले. ट्विगचा चेहरा असा झाला, की बक्षीस चुकून आपल्याला मिळालं की काय! पोर्टिलोंनी तोंड आवरून धरलं, विजेत्याचं अभिनंदन केलं, कार्यकर्त्यांचे आभार मानले. ‘पोर्टिलोच्या वेळी जागे होतात का?’ असं मग कितीतरी वर्षं तिथे लोक एकमेकांना विचारत. मला त्यांचं राजकारण मुळीच पसंत नव्हतं. पण हरताना कसं उभं राहावं ते त्या माणसाकडून शिकावं. पुढे ते रंगीबेरंगी जाकिटं घालून रेल्वेप्रवासाचे कार्यक्रम करू लागले आणि भारतातल्या रेल्वेंतूनही फिरून गेले. त्या रात्री एकूण सात कॅबिनेट मंत्री पडले. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये हुजूर पक्षाला एकही जागा उरली नाही.

टॅटन नावाच्या मतदारसंघात बीबीसीचे युद्धवार्ताहर मार्टिन बेल पांढरा सूट घालून अपक्ष उभे राहिले होते. समोर नील हॅमिल्टन, ज्यांच्यावर पैसे घेऊन पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारल्याचा आरोप होता. मजूर आणि लिबरल डेमोक्रॅट या दोन्ही पक्षांनी आपले उमेदवार मागे घेतले आणि बेल अकरा हजारांच्या फरकानं आले. डिसेंबर २००५ मध्ये आपल्याकडे प्रश्नांसाठी पैसे घेतल्याबद्दल अकरा खासदारांना घरी जावं लागलं, तेव्हा मला तो पांढरा सूट आठवला.

आणि विंचेस्टर! तिथे लिबरल डेमोक्रॅट मार्क ओटन निवडून आले ते दोन मतांनी. दादाभाईंपेक्षाही तीन कमी. प्रतिस्पर्धी जेरी मॅलोन, माजी आरोग्य राज्यमंत्री, कोर्टात गेले. कारण पन्नासहून जास्त मतपत्रिकांवर अधिकाऱ्यांनी उमटवायची खूण राहून गेली होती आणि त्या बाद झाल्या होत्या. कोर्टानं निवडणूक रद्द केली. नोव्हेंबरात पुन्हा मतदान झालं, आणि ओटन एकवीस हजार पाचशे छप्पन्न मतांनी निवडून आले. मतदारांना ती कोर्टबाजी आवडली नसावी. याच विंचेस्टरमध्ये मे महिन्यात ते आपले ‘लिटरल’वाले हगेटही उभे होते आणि त्यांनी सहाशेंवर मतं खाल्ली होती.

आमच्या हॅरो ईस्टमध्ये १९७० पासूनचे खासदार ह्यू डाइक्स पडले आणि मजूर पक्षाचे टोनी मॅकनल्टी आले. सकाळी दूध आणायला गेले तर दुकानदारांनी नुसती मान हलवली. मुलगा शीळ घालत पाव लावत होता.

दुसऱ्या दिवशी जे पाहिलं त्याचं मला सर्वांत जास्त अप्रूप वाटलं. सकाळी जॉन मेजर राजवाड्यावर जाऊन राजीनामा देऊन आले. दुपारी ब्लेअर डाउनिंग स्ट्रीटवर पोचले. मध्ये काही तासच. सरकारी बंगला सोडायला आपल्याकडे नोटिसा काढाव्या लागतात; तिथे पंतप्रधानाला दुपारच्या जेवणाआधी घर रिकामं करावं लागतं. मग मेजर काय करावं? ते ओव्हलवर क्रिकेट बघायला गेले! साडेसहा वर्षं देश चालवलेला माणूस, रात्री पक्षाचा इतिहासातला एक मोठा पराभव झालेला, आणि दुपारी प्रेक्षकांत बसून सरे परगण्याची मॅच बघतोय. आमच्या क्रिकेटवेड्या वडिलांना पत्रातली हीच ओळ सगळ्यांत आवडली.

हे सगळं कौतुकाचं झालं. हिशेब मात्र मला तेव्हाही खटकला आणि अजूनही खटकतो. मजूर पक्षाला मतं पडली ४३.२ टक्के आणि ६५९ पैकी जागा मिळाल्या ४१८, म्हणजे ६३ टक्के. लिबरल डेमोक्रॅटना जवळजवळ १७ टक्के मतं, जागा ४६, म्हणजे ७ टक्के. ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून आला, ही जी पद्धत आपण त्यांच्याकडून घेतली तिचा हा गुण म्हणा की अवगुण म्हणा. २०२४ मध्ये तर याच मजूर पक्षाला ३४ टक्क्यांहूनही कमी मतं पडली आणि ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या. ही पद्धत थोडी बदलावी का, असं २०११ मध्ये सार्वमत घेऊन विचारलं, तर दोन तृतीयांशांहून जास्त लोक नको म्हणाले.

आता त्या कॅसेटचा विषय. गोल्डस्मिथना हवं होतं ते सार्वमत अखेर २३ जून २०१६ रोजी झालं. आम्ही कधीच पुण्याला परतलो होतो, पण ताईचा मुलगा, माझा भाचा, नऊ-दहा महिन्यांपूर्वीच नोकरीसाठी रेडिंगला गेला होता. ब्रिटननं युरोपीय संघात राहावं की बाहेर पडावं, या प्रश्नावर त्याला मत होतं. तो ज्याच्याबरोबर खोली घेऊन राहत होता तो पोलंडचा तरुण २००५ पासून, अकरा वर्षं, तिथे राहत होता. निकालानं आयुष्य बदलणार होतं त्या पोलिश मुलाचं, आणि त्याला मत नव्हतं. भारत राष्ट्रकुलात, पोलंड नाही. सायप्रस आणि माल्टा युरोपातही आणि राष्ट्रकुलातही, म्हणून त्यांना मत. भाचा फोनवर म्हणाला, ‘‘मावशी, तो मला सकाळी म्हणाला, जाऊन ये, माझंही काय ते बघ. मला फार ओशाळं वाटलं.’’ तो मत द्यायला गेला. कुणाला दिलं ते मी विचारलं नाही. ५१.९ टक्क्यांनी देश बाहेर पडला. माझा नवरा १९९६ मध्ये जे म्हणाला होता ते इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मला थोडं पटलं. पण यात चूक माझ्या भाच्याला मत असण्यात नव्हती, त्या पोलिश मुलाला नसण्यात होती, असंच मला वाटतं.

इकडे आपला कायदाही बदलला. २०१० मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती होऊन परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला, पासपोर्टवर जो पत्ता असेल तिथल्या यादीत नाव घालता येऊ लागलं. त्याला ‘सहा-अ’ नमुन्याचा अर्ज लागतो. अट एकच, मतदानाच्या दिवशी स्वतः पासपोर्ट घेऊन केंद्रावर हजर राहायचं. २०२४ च्या लोकसभेसाठी अशी लाखाहून जास्त नावं नोंदलेली होती आणि प्रत्यक्ष आले ते जेमतेम तीन हजार, त्यातलेही बहुतेक केरळचे. साहजिक आहे. आखातातून कोची जवळ, आणि लोक गटागटानं येतात. रेडिंगहून पुण्याला एका फुलीसाठी, आता एका बटणासाठी, यायचं म्हणजे आठ दिवसांची रजा आणि तिकिटाचे साठ-सत्तर हजार. भाच्यानं नाव घातलं होतं. १३ मे २०२४ ला पुण्यात मतदान झालं, त्याला रजा मिळाली नाही. ४ जुलैला त्यानं रेडिंगमध्ये मत दिलं. आता तिथे ओळखपत्र लागतं, तर त्यानं भारताचा पासपोर्ट दाखवला. तो चालतो, राष्ट्रकुलातला कुठलाही चालतो.

ब्रिटिश नागरिक परदेशी गेला तर तो टपालानं किंवा आपल्या वतीनं दुसऱ्याला पाठवून मत देऊ शकतो. पंधरा वर्षांची मुदत होती, तीही जानेवारी २०२४ पासून काढून टाकली. आपल्याकडेही परदेशस्थांना असा मुखत्यार नेमता यावा म्हणून विधेयक आलं होतं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये लोकसभेनं ते मंजूर केलं, राज्यसभेत ते झालंच नाही आणि २०१९ मध्ये लोकसभेबरोबर तेही संपलं. त्याला विरोध करणारे विचारत, की मुखत्यार सांगितल्याप्रमाणेच बटण दाबेल याची हमी काय? मला ही शंका जरा अतीच वाटे. मागच्या दिवाळीत भाचा आला होता तेव्हा हा विषय निघाला. तो म्हणाला, कायदा झाला तर मी आईलाच नेमेन. ताई करंज्या तळत होती. मागे वळूनही न बघता म्हणाली, ‘‘नेम की. पण मला पटेल त्यालाच मी देईन हो, आधीच सांगून ठेवते.’’